वायर कुणी जोडली?

आम्ही कोड लिहिणारे लोक एक कमांड रोज वापरतो. फाइलमधली एखादी ओळ कुणी लिहिली आणि कोणत्या तारखेला लिहिली, हे ती सांगते. तिचं नावच ‘ब्लेम’ आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की पहिल्यांदा तीच आठवते. गंमत म्हणजे बऱ्याचदा समोर नाव येतं ते आपलंच.

गाडीच्या वायरिंगला अशी कमांड नसते. तिथे टेप सोडवावी लागते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कराडला घरी गेलो आणि मागच्या शेडचं दार उघडलं. ही शेड म्हणजे आजोबांच्या वेळचा गोठा. म्हैस गेली, वर पत्रा आला आणि २००९ पासून तिथे आमची मारुती ८०० उभी आहे. मॉडेल १९९६, पासिंग एमएच ११, रंग पांढरा. आता तो पांढरा म्हणण्यासारखा राहिलेला नाही. टायर जमिनीला टेकलेले, सीटखाली उंदरांचं घर, डॅशबोर्डच्या मागे जळलेल्या प्लॅस्टिकचा गोळा.

तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार-रविवार मी पुण्याहून कराडला जातोय. इंजिन पंधरा दिवसांत बोलतं झालं. वायरिंगला मात्र आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत ही गाडी मुळात आली कुठून हे मी वाचत गेलो, आणि ती आमच्या घरात बंद का पडली तेही मला कळलं. दुसरी गोष्ट कळली नसती तर बरं झालं असतं, असं मध्ये काही दिवस वाटत होतं.

गाडी यायच्या आधी

तुमचा जन्म १९९५ नंतरचा असेल तर एक गोष्ट नीट कल्पून बघा. ऐंशीच्या सुरुवातीला भारतात सगळे कारखाने मिळून वर्षाला चाळीसेक हजार मोटारी विकत. सगळ्या देशात. रस्त्यावर मुख्यतः दोनच चेहरे. एक अँबेसेडर, जिचा सांगाडा मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डचा. दुसरी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची इटालियन फियाट ११००. ही दुसरी आपल्याकडची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि गाड्या कुर्ल्याला बनत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलीय.

नवीन मॉडेल काढायला परवाना, उत्पादन वाढवायला परवाना. त्यामुळे गिऱ्हाईक पैसे भरून वाट बघत बसायचं आणि गाडी तीच यायची, वीस वर्षांपूर्वीची.

‘मारुती’ हे नाव मात्र या गाडीपेक्षा जुनं आहे. मारुती लिमिटेड ही कंपनी १९७१ मध्ये निघाली. ती संजय गांधींची. गुडगावला जमीन मिळाली, शेड उभ्या राहिल्या, देशी बनावटीच्या छोट्या गाडीच्या घोषणा झाल्या. बाजारात मात्र गाड्या आल्या नाहीत. आणीबाणी संपली, सरकार बदललं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. २३ जून १९८० रोजी विमान अपघातात संजय गांधी गेले. त्याच वर्षी सरकारने बंद पडलेली कंपनी ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

आता गाडी कुणाची घ्यायची? युरोपातल्या कंपन्यांशी बोलणी झाली, फोक्सवॅगनशीही झाली. शेवटी करार झाला सुझुकीशी, ऑक्टोबर १९८२ मध्ये. सुझुकीचा वाटा होता २६ टक्के. जपानमध्येही तेव्हा ही कंपनी मोठ्यांच्या रांगेतली नव्हती, दुचाकी आणि चिमुकल्या गाड्या बनवणारी. पण तिचे प्रमुख ओसामू सुझुकी यांनी भारतात पैसे घालायची तयारी दाखवली. इकडून व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव हे सार्वजनिक क्षेत्रात मुरलेले अधिकारी होते. वर्षाला एक लाख गाड्या काढायचं उद्दिष्ट त्यांनी ठेवलं. सगळा देश चाळीस हजार घेत असताना एक लाख!

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग या ग्राहकाच्या हातात दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. तारीख मुद्दाम निवडलेली, तो संजय गांधींचा जन्मदिवस. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. त्याआधीच लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवून ठेवलं होतं.

म्हणजे बघा, ज्यांच्या जन्मदिवसाचा मुहूर्त धरला त्यांच्या कंपनीने ही गाडी बनवली नव्हती. बनवली जपानी आराखड्यावर, सरकारी पैशावर, गुडगावच्या कामगारांनी. समारंभात एकच नाव पुढे येतं. बाकीची नावं आत कुठेतरी, टेपखाली राहतात.

वायरिंग कुठून आलं

सुरुवातीच्या गाड्यांचे बहुतेक सुटे भाग जपानहून येत आणि इथे जोडले जात. पण करारातच होतं की टप्प्याटप्प्याने भाग भारतात बनवायचे. १९८६ मध्ये गाडीचं अंग बदललं आणि आपण सगळे जिला ‘मारुती’ म्हणून ओळखतो ती थोडी गोलाकार, उतरत्या नाकाची ८०० आली. आतलं इंजिन तेच राहिलं, तीन सिलिंडर आणि ७९६ सीसी.

१९८६ मध्येच आणखी एक कंपनी निघाली, जिच्याबद्दल मला आठ महिन्यांपूर्वी काहीही माहीत नव्हतं. मदरसन सुमी. मदरसन म्हणजे खरोखरच आई आणि मुलगा. स्वर्णलता सहगल आणि विवेक चांद सहगल यांनी १९७५ मध्ये मदरसन सुरू केली होती. पुढे जपानच्या सुमितोमोबरोबर भागीदारी झाली आणि त्या मारुतीसाठी वायरिंग हार्नेस बनवू लागल्या. आज हा समूह जगभरच्या मोटार कंपन्यांना माल देतो. त्याची मुळं आमच्या गोठ्यातल्या त्या काळ्या दोरखंडाच्या जमान्यात आहेत.

हार्नेस म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र बांधून केलेलं झाड. बॅटरीपासून खोड, मग फांद्या. एक हेडलाइटकडे, एक वायपरकडे, एक मागच्या दिव्यांकडे. वायर यंत्राने मोजून कापली जाते, टोकाला लग यंत्राने दाबला जातो, पण पुढचं काम आजही बरंचसं हाताने होतं. मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्या खुंट्यांमधून एकेक वायर नेत, वळवत, शेवटी टेप गुंडाळत माणसं हार्नेस उभा करतात. वायर मऊ असते, ती यंत्राला नीट धरता येत नाही.

मी कारखान्यातली टेप पहिल्यांदा सोडवली तेव्हा हे जाणवलं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा चढलेला. कोणीतरी १९९६ मध्ये उभं राहून दिवसभर हेच केलं असणार. त्या हातांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

माझी पद्धत साधी होती. फोटो काढायचा, प्रत्येक टोकाला कागदी पट्टी चिकटवायची, शीटमध्ये ओळ भरायची. कुठून निघाली, कुठे गेली, रंग काय, जाडी किती, मल्टिमीटरवर सलग वाजते की नाही. जपानी पद्धतीत काळी वायर म्हणजे अर्थ, बाकीच्यांच्या मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक पट्टी. पट्टीसकट रंग लिहिला नाही तर पुढे रडायची वेळ येते. मी एक रविवार त्यात रडलो आहे.

कायद्याने वाढवलेल्या वायरी

मला सुटे कनेक्टर हवे होते म्हणून पुण्यात नाना पेठेतून एका भंगारवाल्याचा पत्ता मिळवला आणि त्याच्याकडून २००३ च्या मारुती ८०० चं अर्धं वायरिंग किलोवर उचललं. शेडमध्ये जमिनीवर दोन्ही शेजारी पसरली. गाडी तीच, इंजिन तेवढंच. पण दुसऱ्याचा इंजिनकडे जाणारा फाटा जवळजवळ दुप्पट जाड.

का? तर १९९६ च्या गाडीत कार्ब्युरेटर आहे. पेट्रोल आणि हवा किती मिसळायची हे बारीक छिद्रं आणि हवेचा दाब ठरवतात. इंजिनाला विजेची गरज ठिणगीपुरती, शिवाय सुरू करायला, चार्जिंगला आणि दोन-तीन दिवे-काटे हलवायला. २००० च्या सुमारास ८०० मध्ये एमपीएफआय आलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा छोटा संगणक. त्या संगणकाला सतत बातम्या लागतात. हवा किती, तापमान किती, पेडल किती दाबलंय. प्रत्येक बातमी म्हणजे एक-दोन वायरी.

हे कुणी हौसेने केलेलं नाही. दिल्लीच्या हवेवरून एम. सी. मेहता यांनी चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये राजधानी परिसरात नव्या गाड्यांसाठी युरोपीय मापदंड लागू करायला लावले. १ एप्रिल २००० पासून देशभर ‘इंडिया २०००’ हे निकष आले. कार्ब्युरेटरने एवढं अचूक मोजमाप जमणं अवघड होतं. कोर्टाच्या निकालाची जाडी मला कराडच्या शेडमध्ये व्हर्नियरने मोजता आली.

उलटही खरं आहे. १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. आमची गाडी १९९६ ची, पण साताऱ्याच्या पासिंगची. हिला कन्व्हर्टर नाही. शिसं घातलेलं पेट्रोल देशभरातून गेलं ते २००० मध्ये. मधली काही वर्षं मुंबईच्या मुलांना जो नियम होता तो आम्हाला नव्हता.

पुढे नियम कडक होत गेले. भारत स्टेज चार आल्यावर एप्रिल २०१० मध्ये १३ मोठ्या शहरांत ८०० ची विक्री थांबली आणि १८ जानेवारी २०१४ रोजी शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तीस वर्षांत देशातच पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या. हरपाल सिंग २०१० मध्ये वारले. त्यांची ती पहिली गाडी दिल्लीत घराबाहेर गंजत उभी राहिली. पुढे कंपनीने मूळचे सुटे भाग घालून ती दुरुस्त केली आणि आता ती मुख्यालयात दिमाखात उभी आहे.

आमच्या गाडीला मुख्यालय नाही. गोठा आहे.

लाल टेप

जुलै २००८. मी अकरा वर्षांचा. आम्ही चिपळूणहून परत येत होतो, कुंभार्ली घाट, रात्रीचे साडेआठ, पाऊस आणि धुकं. पप्पांनी धुक्यासाठी पुढे दोन पिवळे फॉग लॅम्प बसवलेले होते. अर्धा घाट चढला आणि डॅशबोर्डखालून धूर आला. वास अजून नाकात आहे. मग सगळे दिवे एकदम गेले. पप्पांनी अंदाजाने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, पावसात बॉनेट उघडून बॅटरीची वायर हाताने उपटली. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने बस आडवी लावून आम्हाला आडोसा दिला नसता तर काय झालं असतं, हे घरात कुणी कधी बोललं नाही.

बोललं गेलं ते दुसरंच. महिनाभर आधी गाडीचं काम स्टँडजवळच्या एका वायरमन काकांनी केलं होतं. ते पप्पांचे शाळेपासूनचे मित्र, दर रविवारी आमच्याकडे चहाला. घाटातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी पप्पा त्यांच्या दुकानात गेले आणि भर रस्त्यात बोलले. “माझी पोरं होती गाडीत,” असं काहीतरी. त्यानंतर काका आमच्याकडे आले नाहीत. पप्पांनी पुन्हा गाडी चालवली नाही. आमच्या घरात ‘वायरमन’ हा शब्द शिवीसारखा झाला. मीही तो तसाच वापरला, सोळा वर्षं.

मार्चमध्ये मी त्या जळलेल्या गोळ्यापर्यंत पोचलो.

काकांचं काम ओळखू येत होतं. हॉर्नला त्यांनी रिले बसवला होता, वायर योग्य जाडीची, जोड झाळलेला, वर स्लीव्ह, आणि सगळ्यावर काळी कापडी टेप. जवळजवळ कारखान्यासारखी, अर्ध्यावर अर्धा वेढा. जळालेलं सगळं मात्र फॉग लॅम्पच्या वायरीभोवती होतं. ती वायर गाडीची नव्हतीच. घरगुती पिळाची वायर होती, लाल आणि पिवळी, जिला दुकानात १४/७६ म्हणतात, म्हणजे आत ०.००७६ इंचाच्या चौदा तारा. जोड नुसता हाताने पिळलेला, वर लाल टेप. आणि ती घेतली होती वायपरच्याच फ्यूजच्या पुढून.

हिशोब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. त्याच फ्यूजवर वायपर. कोरड्या रात्री चालून जाईल. पण पाऊस आणि धुकं एकत्र आलं की सगळं एकदम चालू, आणि १५ अँपिअरचा फ्यूज जाणार. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी जाणार. तो एक-दोनदा गेला असावा. कारण फ्यूजच्या जागी आता फ्यूज नव्हता. तांब्याच्या सहा तारा पिळून खोचलेल्या होत्या. त्यातली एक तार साधारण सात अँपिअरला वितळते. सहा म्हणजे चाळीसच्या आसपास. त्याआधी वायरच पेटणार, आणि पेटली.

मी मान वर केली. शेडमधला बल्ब पत्र्याखालून लोंबत होता. लाल-पिवळी पिळाची वायर. मध्ये एक जोड, वर लाल टेप. गोठ्यात लाइट पप्पांनी स्वतः घेतली होती. शिडी धरायला मी होतो.

त्या रात्री मी जेवायला बसलो आणि काही बोललो नाही. शीटमधल्या त्या ओळीत ‘कुणी जोडली’ हा रकाना रिकामा ठेवला.

विचारलं असतं तर

पुढच्या फेरीत मी आधी काकांच्या दुकानात गेलो. आता दुकान त्यांचा मुलगा बघतो, काका बाहेर खुर्चीवर असतात. मी कुणाचा मुलगा ते सांगितलं. त्यांनी आत चहा सांगितला. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला.

“लाल टेप आहे,” ते म्हणाले. “मी लाल टेप कधी वापरली नाही.”

“मग तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही, काका?”

“सर विचारायला आलेच नव्हते बाळा. सांगायला आले होते.”

एवढंच. मग त्यांनी मला फॉग लॅम्पला वेगळा रिले कसा घालायचा, बॅटरीच्या जवळ फ्यूज का हवा, अर्थ घासून कसा घ्यायचा हे कागदावर काढून दिलं. मला ते येत होतं. तरी मी कागद घेतला.

पप्पांना मी बोलून दाखवलं नाही. ते रोज संध्याकाळी शेडच्या दारात येऊन उभे राहतात, आत येत नाहीत. त्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं आणि जळलेला तुकडा हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला. मग त्यांनीही वर बघितलं, बल्बकडे. शिक्षक माणूस, चूक सापडायला वेळ लागत नाही.

“फ्यूज सारखा उडायचा,” ते म्हणाले. “त्याने मला सांगितलं होतं, सर हे दिवे असे लावू नका, मी रविवारी येऊन करून देतो. मला म्हटलं चिपळूणला जायचंय.”

थोड्या वेळाने म्हणाले, “मला घाटातच कळलं होतं बहुतेक.”

मी काय बोलणार? मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. सोळा वर्षं एका माणसाला आपण काय काय म्हणालो. पण त्या रात्री पावसात हाताने बॅटरीची वायर उपटणारा माणूसही हाच. शीटमधला तो रकाना मी भरला, नाव लिहिलं, आणि शेजारी तारीख अंदाजे म्हणून लिहिली.

दुसऱ्या रविवारी पप्पा स्कूटर काढून एकटेच गेले. दोन तासांनी आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हातात कागदाची पुडी होती, आत दोन रिले आणि काळी कापडी टेप.

“पैसे घेतले नाहीत त्याने,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच शेडमध्ये स्टूल ओढून बसले.

गाडी आता शेडच्या आत चालू होते, दिवे लागतात, वायपर फिरतात, सगळं एकाच वेळी चालवलं तरी फ्यूज टिकतो. रस्त्यावर यायला अजून वेळ आहे. रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं २०११ मध्येच संपली. नूतनीकरणाची फी २०२२ पासून सहाशेवरून थेट पाच हजारांवर गेली आणि जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढली, वर दंड, पर्यावरण कर, विमा, आणि आरटीओची तपासणी. एवढ्या पैशात ही गाडी दोनदा भंगारात जाईल, असं आई म्हणते. तिचं बरोबर आहे.

शेडमधल्या बल्बची वायर मात्र मी अजून बदललेली नाही. पप्पा म्हणाले, ती मी करतो.